जाळ्याच्या आतला मार्ग आणि जाळ्यांमधला मार्ग: राउटिंग नेमके कोण ठरवते?

पायवाट (धागाकर्ता)

पुण्यातल्या घरून मुंबईतल्या सर्व्हरकडे निघालेले पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) सिंगापूरला वळसा घालून का जाते, हा प्रश्न इथे अधूनमधून विचारला जातो आणि त्यावरची चर्चा बहुतेक वेळा सेवा देणाऱ्या कंपनीला दोष देऊन संपते. दोष असेलही, पण त्यामागची यंत्रणा समजून घेतल्याशिवाय तो नेमका कुठे ठेवायचा हे कळत नाही, म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे. माझे म्हणणे असे की एकाच संस्थेच्या जाळ्यात मार्ग गणिताने ठरतो आणि दोन संस्थांच्या जाळ्यांमध्ये तो कराराने ठरतो. या दोहोंची गल्लत झाली की कित्येक मोठ्या बिघाडांचा अर्थच लागत नाही.

सुरुवात एका राउटरपासून, म्हणजे पॅकेट पुढे पाठवणाऱ्या यंत्रापासून, करू. राउटरला पॅकेटचा संपूर्ण मार्ग माहीत नसतो. समोर आलेल्या पत्त्यासाठी पॅकेट आपल्या कोणत्या पोर्टमधून बाहेर काढायचे एवढेच त्याला ठरवायचे असते, आणि त्यासाठी त्याच्याजवळ एक तक्ता असतो. या तक्त्यात सुटे पत्ते क्वचितच असतात. असतात ते पत्त्यांचे गट, ज्यांना प्रीफिक्स म्हणतात. /२२ म्हणजे १०२४ पत्त्यांचा गट, /२४ म्हणजे २५६ पत्त्यांचा. एकाच पत्त्याला दोन गट लागू पडत असतील तर त्यांतला लहान, म्हणजे अधिक नेमका, गट जिंकतो. हा नियम कृपया लक्षात ठेवावा, कारण मोठमोठ्या घटनांचे मूळ यातच सापडते.

आता हा तक्ता भरतो कोण? जुन्या रिप प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक राउटर दर ३० सेकंदांनी शेजाऱ्याला आपला तक्ता सांगत असे आणि शेजारी त्यात एक हॉप (राउटर ते राउटर एक टप्पा) मिळवून तो पुढे सांगत असे. सगळा कारभार ऐकीव माहितीवर चाले. एखादी लिंक तुटली की दोन राउटर एकमेकांच्याच शिळ्या माहितीवर विसंबून हॉपची संख्या वाढवत बसत, म्हणून १५ हॉपच्या पलीकडचे ठिकाण पोहोचण्याजोगे नाही असे मानण्याची मर्यादा घालावी लागली. ओएसपीएफ आणि आयएस-आयएस या प्रोटोकॉलांनी ही रीत बदलली. त्यांत प्रत्येक राउटर फक्त स्वतःच्या लिंकांची माहिती जाहीर करतो, ती जशीच्या तशी सगळ्यांपर्यंत पोहोचते आणि प्रत्येकाकडे संपूर्ण जाळ्याचा एकसारखा नकाशा तयार होतो. त्या नकाशावर प्रत्येक राउटर डाइक्स्ट्राची रीत चालवून स्वतःपासूनचे सर्वांत स्वस्त मार्ग काढतो. एड्सगर डाइक्स्ट्रा यांना ही रीत १९५६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या एका कॅफेत बसले असताना, हाती कागद-पेन्सिल नसताना, वीसेक मिनिटांत सुचली असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. ती प्रसिद्ध झाली १९५९ मध्ये.

स्वस्त कशाला म्हणायचे हे मात्र माणूस ठरवतो, आणि इथे एक जुनी खोच आहे. पुष्कळ राउटरांत ओएसपीएफचा कॉस्ट काढताना १०० एमबीपीएस या संदर्भवेगाला लिंकच्या वेगाने भागतात, आणि येणारा आकडा १ च्या खाली जाऊ शकत नाही. त्यामुळे १०० एमबीपीएसची जुनी लिंक आणि १० जीबीपीएसची नवी लिंक या दोन्हींचा कॉस्ट १ येतो, आणि राउटर त्या समान समजून ट्रॅफिक दोहोंवर सारखे वाटतो. नवी लिंक जवळजवळ रिकामी आहे आणि जुनी भरून पॅकेट गळत आहेत, अशी तक्रार आली की सर्वांत आधी हा संदर्भवेग तपासावा.

इथवर सगळे राउटर एकाच मालकाचे होते. स्वतःचे धोरण स्वतः ठरवणाऱ्या अशा प्रत्येक जाळ्याला ऑटोनॉमस सिस्टिम म्हणतात आणि त्याला एक एएस नंबर मिळतो. या जाळ्यांमध्ये बोलण्याची भाषा म्हणजे बीजीपी. जानेवारी १९८९ मध्ये टेक्ससमधल्या ऑस्टिन येथे भरलेल्या आयईटीएफच्या (इंटरनेटचे प्रोटोकॉल ठरवणाऱ्या संघटनेच्या) बैठकीत याकोव्ह रेख्टर आणि कर्क लॉहीड यांनी जेवणाच्या वेळी कागदी रुमालांवर तिचा आराखडा मांडला, आणि आज सगळे जग तिच्या चौथ्या आवृत्तीवर चालते.

बीजीपीमध्ये नकाशा नसतो. एक जाळे दुसऱ्याला एवढेच सांगते की अमुक प्रीफिक्सपर्यंत मी पोहोचवतो आणि वाटेत अमुक जाळी लागतील. एसटीच्या पाटीवर शेवटच्या गावाबरोबर ‘मार्गे’ लिहून मधली गावे दिलेली असतात, तशीच ही एएस-पाथची यादी असते. तिच्यात आपलाच नंबर दिसला तर मार्ग फिरून आपल्याकडेच येतो आहे हे ओळखून राउटर तो नाकारतो. पण त्या मधल्या जाळ्यांच्या आत किती राउटर आहेत, किती किलोमीटर अंतर आहे, किती गर्दी आहे, यातले काहीही या यादीत दिसत नाही.

एकाच प्रीफिक्ससाठी दोन मार्ग ऐकू आले तर सर्वसाधारणपणे प्रथम लोकल प्रेफरन्स पाहिला जातो, आणि तो आकडा प्रत्येक जाळे आपल्या मर्जीने ठेवते. एएस-पाथची लांबी त्यानंतर येते. रूढ पद्धत अशी की ग्राहकाकडून ऐकलेल्या मार्गाला सर्वाधिक पसंती, त्याखालोखाल पीअरला (बरोबरीच्या नात्याने जोडलेल्या जाळ्याला), आणि अपस्ट्रीमला (ज्याच्याकडून आपण जोडणी विकत घेतो त्या जाळ्याला) सर्वांत शेवटी. कारण ग्राहक पैसे देतो, पीअरशी देवाणघेवाण बहुधा बिनपैशाची असते आणि अपस्ट्रीमला पैसे मोजावे लागतात. कोणाचे मार्ग कोणाला सांगायचे हेही याच हिशेबातून ठरते: ग्राहकाचे मार्ग सर्वांना सांगायचे, पीअरचे आणि अपस्ट्रीमचे मार्ग मात्र फक्त ग्राहकांना. दोन परक्या जाळ्यांचे ट्रॅफिक आपल्या खर्चाने वाहून नेण्यात कोणालाच रस नसतो. लिक्सिन गाओ आणि जेनिफर रेक्सफर्ड यांनी २००१ मध्ये दाखवून दिले की ही शिस्त सर्वांनी पाळली आणि ग्राहक-पुरवठादार संबंधांत वर्तुळ तयार झाले नाही, तर कोणत्याही मध्यवर्ती नियंत्रणाशिवाय ही सगळी व्यवस्था स्थिर राहते. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो.

आता सिंगापूरचा प्रश्न सुटतो. पुण्यातल्या छोट्या आयएसपीचा (इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीचा) अपस्ट्रीम आणि मुंबईतल्या सर्व्हरचा अपस्ट्रीम यांचे मुंबईत एकमेकांशी पीअरिंग नसेल, पण दोघेही सिंगापूरमध्ये एखाद्या तिसऱ्या जाळ्याला जोडलेले असतील, तर बीजीपीला दिसणारा एकमेव मार्ग तिथूनच जातो, मग दोघांचे राउटर मुंबईत एकाच इमारतीत का असेनात. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे पुणे-मुंबई जाऊन येण्याला तीन-चार मिलिसेकंद पुरायला हवेत; वळशामुळे ते साठ-सत्तरच्या घरात जातात. देशांतर्गत ट्रॅफिक देशातच वळावे म्हणून २००३ मध्ये निक्सी या एक्स्चेंजची, म्हणजे जाळ्यांना एकमेकांशी जोडून घेण्याच्या सामायिक जागेची, स्थापना झाली, आणि आज मुंबईत डीई-सिक्ससारखी इतर एक्स्चेंजही आहेत. मात्र एक्स्चेंजवर पोर्ट घेतला म्हणजे सर्वांशी पीअरिंग झाले असे होत नाही. त्यासाठी समोरच्याची संमती लागते, आणि मोठ्या जाळ्यांना ती लहानांना द्यावीशी वाटतेच असे नाही.

मृण्मयी_क

लेख आवडला. मी संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि आम्हाला ओएसपीएफ व बीजीपी ही दोन स्वतंत्र प्रकरणे म्हणून शिकवली गेली, त्यामुळे त्यांच्यातला हा फरक असा समोरासमोर पाहिला नव्हता. एक शंका आहे. आजचे राउटर इतके शक्तिशाली असताना साऱ्या जगाचा एकच नकाशा करून त्यावर डाइक्स्ट्राची रीत का चालवू नये? मग वळसे उरणार नाहीत.

कृष्णाकाठ

मृण्मयीताई, मी सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या एका लहान आयएसपीचे जाळे सांभाळतो, त्या अनुभवावरून उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

आकाराची अडचण आहेच. आयपीव्ही४ च्या जागतिक तक्त्यात आज नऊ लाखांहून अधिक प्रीफिक्स आहेत आणि जगाच्या पाठीवर कुठे ना कुठे दर क्षणाला एखादी लिंक खालीवर होत असते. प्रत्येक बदल प्रत्येक राउटरपर्यंत पोहोचवून नवी गणना करायची म्हटले तर गणनेला अंतच राहणार नाही. एका जाळ्याच्या आतसुद्धा राउटरांची संख्या वाढली की ओएसपीएफचे एरिया, म्हणजे वेगवेगळे भाग, पाडावे लागतात, ते याच कारणाने. पण समजा उद्या तेवढी गणनाशक्ती आली, तरीही हे होणार नाही असे मला वाटते. डाइक्स्ट्राच्या रीतीला प्रत्येक लिंकवर एक आकडा लागतो आणि तो आकडा सर्वांना मान्य असावा लागतो. माझ्या दृष्टीने एखादी लिंक स्वस्त आहे कारण तिचे पैसे दुसरा भरतो. त्याच्या दृष्टीने तीच लिंक महाग आहे. मग नकाशावर कोणता आकडा लिहायचा? शिवाय असा नकाशा म्हणजे कोणाच्या किती लिंका आहेत, कोण कोणाचा ग्राहक आहे, कोणाची क्षमता कुठे तोकडी आहे, हे सगळे प्रतिस्पर्ध्यापुढे उघडे करणे. ते कोणीही करणार नाही.

मूळ लेखाला एक पुरवणी जोडतो, कारण आतले आणि बाहेरचे राउटिंग जिथे एकमेकांत अडकते ती जागा फार महत्त्वाची आहे. समजा आमचा एक राउटर मुंबईत अपस्ट्रीमशी बीजीपी बोलतो आणि दुसरा सांगलीत ग्राहकांना जोडलेला आहे. बाहेरचे मार्ग सांगलीच्या राउटरला कळावेत म्हणून मुंबईचा राउटर त्याच्याशीही बीजीपीच बोलतो. यालाच अंतर्गत बीजीपी म्हणतात. ती सांगते की अमुक प्रीफिक्ससाठी मुंबईच्या राउटरकडे जा. आता मुंबईच्या राउटरकडे कसे जायचे? ते ओएसपीएफ सांगते. म्हणजे तक्त्यातली एक ओळ दुसऱ्या ओळीच्या आधाराने सोडवावी लागते. ओएसपीएफ पडले की बीजीपीची सत्रे (दोन राउटरांमधली चालू संभाषणे) तुटतात, आणि हजारो-लाखो मार्ग एका झटक्यात नाहीसे होतात, जरी बाहेरच्या जगात काहीही बिघडलेले नसले तरी.

यात आणखी एक बंधन आहे. जाळ्याच्या आत एएस-पाथमध्ये भर पडत नाही, त्यामुळे वर्तुळ ओळखण्याचे साधनच राहत नाही. म्हणून अंतर्गत बीजीपीतून ऐकलेला मार्ग पुढे दुसऱ्या अंतर्गत राउटरला सांगायचा नाही असा नियम आहे. परिणामी प्रत्येक राउटरने प्रत्येकाशी थेट बोलावे लागते. ५० राउटर असतील तर १,२२५ सत्रे होतात आणि १०० असतील तर ४,९५०. हे आवरण्यासाठी मोठी जाळी एक-दोन राउटरांना रूट रिफ्लेक्टर नेमतात आणि बाकीचे फक्त त्यांच्याशी बोलतात.

राईनकाठी

मी फ्रँकफर्टमध्ये एका कंपनीच्या नेटवर्क विभागात काम करते. कृष्णाकाठ यांनी सांगितलेल्या आतल्या-बाहेरच्या गुंत्याचा एक परिणाम रोज पाहायला मिळतो. एखाद्या प्रीफिक्ससाठी शेजारच्या जाळ्याकडे जाण्याची दोन दारे असतील, एक मुंबईत आणि एक लंडनमध्ये, आणि बाकी सगळे निकष सारखे ठरले, तर राउटर स्वतःला जे दार जवळ आहे तेच निवडतो; जवळ कोणते हे त्याला ओएसपीएफ सांगते. पॅकेट शक्य तितक्या लवकर दुसऱ्याच्या जाळ्यात ढकलून द्यायचे, म्हणजे पुढचे लांबचे अंतर त्याच्या खर्चाने कापले जाते. समोरचे जाळेही परतीच्या वाटेवर हेच करते. म्हणून जाण्याचा मार्ग आणि येण्याचा मार्ग वेगळा असणे हे इंटरनेटवर सर्रास घडते, त्यात बिघाड काही नाही.

ट्रेसराउट वाचताना हे विसरले की निष्कर्ष हमखास चुकतो. ट्रेसराउट पहिल्या पॅकेटवर १ ही आयुष्यमर्यादा घालते, मग २, मग ३. ज्या राउटरवर ती मर्यादा संपते तो राउटर संपल्याचे कळवतो आणि त्यावरून वाटेतली नावे मिळतात. दिसतात ती फक्त जाण्याच्या वाटेवरची, वेळ मात्र जाण्यायेण्याचा मोजला जातो. सहाव्या ओळीवर वेळ अचानक १२० मिलिसेकंद झाला तर दोष सहाव्या राउटरचा असेलच असे नाही, कारण त्या राउटरपासून परतीचे पॅकेट युरोपमार्गे येत असू शकते. आणि सहाव्या ओळीवर १२० दिसून सातव्यावर पुन्हा २० दिसत असतील तर बहुधा काहीच बिघडलेले नाही. अशी उत्तरे देणे हे राउटरच्या मुख्य प्रोसेसरचे कमी महत्त्वाचे काम असते आणि तो ती सवडीने देतो. तक्रार नोंदवताना शक्य असेल तर दोन्ही टोकांकडून काढलेले ट्रेसराउट द्यावे. एकाच टोकाचे देऊन भांडण्यात दोन्ही बाजूंचा वेळ जातो.

मृण्मयी_क

म्हणजे वाटेत गर्दी झाली तरी बीजीपी मार्ग बदलणार नाही?

सागरतळ

नाही बदलणार, आणि याचे ठळक उदाहरण आपल्याकडचेच आहे. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी ४ आणि फ्लॅग या दोन समुद्राखालच्या केबल तुटल्या आणि मुंबईतून पश्चिमेकडे जाणाऱ्या क्षमतेचा मोठा भाग एकदम गेला. तुटलेल्या केबलवरची बीजीपी सत्रे पडली, राउटरांनी ते मार्ग काढून टाकले आणि उरलेल्या मार्गांवर, म्हणजे पूर्वेकडे सिंगापूर व पुढे प्रशांत महासागराकडे, ट्रॅफिक वळवले. इथवर प्रोटोकॉलने आपले काम चोख केले. पण ज्या लिंका शाबूत होत्या त्या क्षमतेबाहेर भरल्या, पॅकेट गळू लागले, आणि बीजीपीच्या लेखी मात्र ते सर्व मार्ग उत्तम अवस्थेत होते, कारण सत्र चालू आहे एवढेच तिला ठाऊक असते. पुढचे दिवस माणसांनी हाताने लोकल प्रेफरन्स बदलून, एएस-पाथ मुद्दाम लांब दाखवून आणि पर्यायी क्षमता भाड्याने घेऊन काढले.

सरळवाट

मला या सगळ्यात एक मूलभूत दोष दिसतो. जो कोणी "हा प्रीफिक्स माझा आहे" म्हणेल त्यावर विश्वास ठेवायचा, ही व्यवस्था १९८९ मध्ये ठीक होती. आज बँका, रुग्णालये, वीजवितरण हे सगळे इंटरनेटवर चालते. माझ्या मते एखाद्या आंतरराष्ट्रीय संस्थेकडे मार्ग मंजूर करण्याचा अधिकार असायला हवा.

पायवाट

सरळवाट, तुमच्या काळजीशी मी पूर्ण सहमत आहे, उपायाशी नाही. कारण सांगण्याआधी एक घटना तपशिलात पाहू.

फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तान सरकारने देशात यूट्यूब बंद करण्याचा आदेश काढला. पाकिस्तान टेलिकॉमने त्यासाठी आपल्या जाळ्यात २०८.६५.१५३.०/२४ हा प्रीफिक्स स्वतःकडे वळवला, म्हणजे देशातले यूट्यूबचे ट्रॅफिक येऊन तिथेच नाहीसे व्हावे. हे आतल्या राउटिंगपुरते राहिले असते तर जगाला कळलेही नसते. पण २४ फेब्रुवारीला ग्रीनविच वेळेनुसार १८:४७ वाजता, आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, हाच मार्ग त्यांच्या १७५५७ या एएस नंबराने बाहेर जाहीर झाला आणि त्यांच्या अपस्ट्रीमने, हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यूने, तो न तपासता जगाला सांगितला. यूट्यूब स्वतः २०८.६५.१५२.०/२२ जाहीर करत होते. /२४ हा /२२ पेक्षा नेमका, म्हणून जगभरच्या राउटरांनी नियमाप्रमाणे पाकिस्तानची वाट धरली. कोणाही राउटरने चूक केली नाही.

२०:०७ ला यूट्यूबनेही तोच /२४ जाहीर केला. आता दोन्ही दावे सारख्याच लांबीचे झाले, त्यामुळे ज्यांना पाकिस्तानचा मार्ग जवळचा होता ते तिकडेच जात राहिले. २०:१८ ला यूट्यूबने त्याचे दोन /२५ तुकडे जाहीर केले, जे आणखी नेमके होते. परंतु /२४ पेक्षा लहान तुकडे पुष्कळ जाळी स्वीकारतच नाहीत, म्हणून तोही उपाय अर्धवट लागू पडला. अखेर २१:०१ ला पीसीसीडब्ल्यूने १७५५७ कडून आलेले मार्ग काढून टाकले आणि प्रश्न सुटला. सव्वादोन तास.

आता तुमच्या सूचनेकडे येतो. मार्ग मंजूर करणारी संस्था म्हणजे मार्ग नामंजूर करू शकणारी संस्था. वरच्या घटनेत एका देशाचा आदेश अपघाताने जगाला लागू झाला. असा अधिकार एका ठिकाणी एकवटला तर तेच हेतुपुरस्सर करण्यासाठी दबाव येईल. शिवाय केबल तुटल्यावर नवा मार्ग घेण्यासाठी कोणाची मंजुरी मागत बसायची नसते, हेच या व्यवस्थेचे बळ आहे. पत्त्यांचा मालक कोण याची नोंद मध्यवर्ती असावी. मार्ग निवडण्याचा अधिकार मात्र ज्याच्या त्याच्याकडेच राहिला पाहिजे.

कृष्णाकाठ

पायवाट यांच्या वर्णनातला "न तपासता" हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण उपाय तिथेच आहे. अपस्ट्रीमला आपल्या ग्राहकाचे प्रीफिक्स कोणते हे माहीत असते. फक्त तेवढेच स्वीकारायचे अशी प्रीफिक्स-लिस्ट ग्राहकाच्या सत्रावर लावली की असा प्रसंग एका जाळ्यापलीकडे जात नाही. दुसरी साधी काळजी म्हणजे सत्रावर कमाल प्रीफिक्सची मर्यादा: ज्या ग्राहकाकडून २० मार्ग अपेक्षित आहेत त्याने हजारो पाठवले तर सत्र आपोआप बंद पडावे. १९९७ च्या एप्रिलमध्ये एएस ७००७ ने इंटरनेटचा मोठा भाग आपल्याकडे ओढला तेव्हापासून हे शहाणपण उपलब्ध आहे. तरीही ६ नोव्हेंबर २०१५ रोजी आपल्याकडच्या भारती एअरटेलच्या ९४९८ या एएसने दुसऱ्यांचे सुमारे १६ हजार प्रीफिक्स स्वतःचे म्हणून जाहीर केले, आणि ते पुढे गेले.

आमच्या एका अपस्ट्रीमकडे नवा प्रीफिक्स जोडायचा तर अधिकारपत्र पाठवून दोन-तीन दिवस थांबावे लागते. दुसरा अपस्ट्रीम आम्ही जे सांगू ते लगेच घेतो. ग्राहक म्हणून दुसरा सोयीचा वाटतो, पण मी शेजारी म्हणून पहिल्यालाच निवडेन. २०१७ मध्ये आयईटीएफने असेही ठरवले की बाहेरच्या सत्रावर कोणतेही धोरण लिहिलेले नसेल तर राउटरने मुळात काहीच स्वीकारू नये व काहीच सांगू नये; सर्व उत्पादकांनी ते मनापासून अमलात आणले तर किती त्रास वाचेल.

राईनकाठी

आतला बिघाड बाहेर कसा पोहोचतो याचे उदाहरणही नोंदवते, कारण चर्चा आता बाहेरून येणाऱ्या धोक्यांकडेच झुकली आहे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, भारतात रात्री नऊ वाजून गेल्यावर, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही एकदम बंद पडले. कंपनीने नंतर दिलेल्या खुलाशानुसार देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारा संपूर्ण बॅकबोन तुटला. अशी आज्ञा अडवणाऱ्या तपासणी-साधनातच दोष होता. इथवर ही आतली गोष्ट. पण त्यांचे डीएनएस सर्व्हर (नावावरून पत्ता सांगणारे) असे रचलेले होते की डेटा सेंटरशी बोलता येत नसेल तर आपली तब्येत बरी नाही असे समजून त्यांनी आपले बीजीपी मार्ग स्वतःच मागे घ्यावेत. एखादे ठिकाण आजारी पडले तर ही रचना अगदी योग्य आहे. त्या दिवशी सर्वच ठिकाणांना आपण आजारी आहोत असे एकाच वेळी वाटले, सर्वांनी मार्ग मागे घेतले आणि फेसबुकचे नाव जगाच्या दृष्टीने नाहीसे झाले. दुरुस्तीची साधनेही त्याच जाळ्यावर असल्याने अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावे लागले आणि सेवा परत यायला सुमारे सहा तास गेले.

म्हणून आम्ही राउटरपर्यंत पोहोचण्याची एक वाट मुख्य जाळ्याबाहेरून, वेगळ्या कंपनीच्या लिंकवरून ठेवतो, आणि ती चालू आहे ना हे ठरावीक काळाने प्रत्यक्ष वापरून पाहतो.

मृण्मयी_क

आरपीकेआयमुळे पाकिस्तानसारखी घटना टळली असती का? आमच्या प्रकल्पासाठी हाच विषय घ्यावा असा विचार आहे.

पायवाट

ती विशिष्ट घटना बहुतांशी टळली असती. आरपीकेआयमध्ये पत्त्यांचा धारक आरओए नावाची एक सही केलेली नोंद करतो: हा प्रीफिक्स अमुक एएसने जाहीर करावा, आणि जास्तीत जास्त इतक्या लांबीपर्यंतचे तुकडे चालतील. जगातल्या पाच प्रादेशिक नोंदणी संस्था या नोंदींच्या मुळाशी आहेत. भारतात बरीच जाळी निक्सीच्या अखत्यारीतल्या आयआरआयएनएनमार्फत हे करतात. राउटर आलेला मार्ग या नोंदींशी ताडून पाहतो आणि तो विसंगत असेल तर टाकून देतो. १७५५७ ने जाहीर केलेला /२४ अशा तपासणीत अडला असता. मे २०२४ मध्ये जागतिक तक्त्यातल्या आयपीव्ही४ मार्गांपैकी निम्म्याहून अधिकांना आरओए होता, म्हणजे गाडी बरीच पुढे आली आहे.

पण आरओए फक्त शेवटचा मुक्काम तपासतो, मधली यादी नाही. एखाद्या ग्राहकाने एका अपस्ट्रीमकडून ऐकलेले मार्ग चुकून दुसऱ्या अपस्ट्रीमला सांगितले, तर मुक्काम खराच असतो, म्हणून तपासणी त्याला अडवत नाही, आणि मोठमोठ्या जाळ्यांचे ट्रॅफिक त्या लहान ग्राहकाच्या लिंकमधून जाऊ लागते. याला रूट लीक म्हणतात. मे २०२२ मध्ये आलेल्या आरएफसी ९२३४ या आयईटीएफच्या दस्तऐवजाने दोन्ही बाजूंनी सत्र उघडतानाच आपले नाते, म्हणजे ग्राहक, पीअर की पुरवठादार, सांगावे आणि त्यानुसार मार्गावर खूण करावी अशी सोय केली. एएसपीए नावाचा प्रस्ताव पुरवठादारांची यादीच सही करून नोंदवण्याचा आहे. तुमच्या प्रकल्पासाठी मला हा भाग अधिक रसाचा वाटतो, कारण मूळ लेखात म्हटलेला करार प्रथमच यंत्राला वाचता येईल अशा रूपात येतो आहे.

कृष्णाकाठ

प्रकल्पासाठी आणखी एक सुचवतो: कमाल लांबीचा आकडा. पुष्कळ जण /२२ चा आरओए करताना पुढे कधी लागेल म्हणून कमाल लांबी २४ लिहितात. आपण प्रत्यक्षात फक्त /२२ जाहीर करत असलो, तर कोणीही त्यातला /२४ उचलून, यादीच्या शेवटी आपला खरा एएस नंबर लिहून, तो स्वतःमार्फत जाहीर करू शकतो. नोंदीप्रमाणे तो मार्ग वैध ठरतो आणि अधिक नेमका असल्यामुळे जिंकतोही. ऑक्टोबर २०२२ चा आरएफसी ९३१९ याचसाठी सांगतो की जेवढे जाहीर करता तेवढ्याचीच नोंद करा. कमाल लांबी २२ असेल तर हल्लेखोराला /२२ वरच स्पर्धा करावी लागते, आणि त्याच्या यादीत त्याचा स्वतःचा नंबर जास्तीचा असल्याने निकष सारखे असतील तिथे त्याचा मार्ग हरतो.

सरळवाट

आणि डीडॉस हल्ल्याच्या (असंख्य ठिकाणांहून ट्रॅफिकचा मारा करून सेवा बंद पाडण्याच्या) वेळी /२४ वेगळा जाहीर करून सफाई करणाऱ्या कंपनीकडे वळवायचा असेल तर? तेव्हा नवा आरओए करून तो जगभर पोहोचेपर्यंत थांबता येणार नाही.

कृष्णाकाठ

बरोबर. त्यासाठी ज्या /२४ वर आपल्या महत्त्वाच्या सेवा आहेत तेवढ्यापुरता, त्या कंपनीच्या एएस नंबराने वेगळा आरओए आधीच करून ठेवावा आणि बाकीचे /२४ बंदच ठेवावेत. आम्ही असेच ठेवले आहे. कंपनी बदलली की जुना आरओए त्याच दिवशी काढून टाकावा, नाहीतर त्या एएसला आपले पत्ते जाहीर करण्याचा परवाना तसाच राहतो.